पडद्यामागचे प्रश्न: कॅथरिन बिगेलो, मारामारीचा नकाशा आणि पैशाचा हिशेब

गेल्या अंकात अमेरिकी दिग्दर्शिका कॅथरिन बिगेलोच्या 'अ हाउस ऑफ डायनामाइट'बद्दल मी थोडंसं लिहिलं होतं. २०२५चा हा चित्रपट. अमेरिकेच्या दिशेने एक क्षेपणास्त्र येतंय आणि ते पोचेपर्यंतची मोजकी मिनिटं आपल्याला तीन वेळा, वेगवेगळ्या खोल्यांतून दिसतात. त्यावर इतकी पत्रं आली की हे सदर या वेळी पूर्णपणे तिला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला अ‍ॅक्शन चित्रपट दिग्दर्शित करायचे आहेत. घरी सांगितलं तर मामा म्हणाले, "बाईमाणसाला मारामारी कशी दाखवता येणार? त्याला वेगळं डोकं लागतं." बिगेलो मारामारीत असं काय करतात, जे बाकीचे करत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

डोकं लागतं हे मामांचं म्हणणं खरं आहे. कशासाठी लागतं, ते सांगते.

मी मुंबईत बरीच वर्षं संकलन केलं आणि त्यात फाइटचे सीन भरपूर आले. रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं फुटेज, लावल्या की थोड्याच वेळात लक्षात येतं, दिग्दर्शकाच्या डोक्यात जागेचा नकाशा होता की नव्हता. नसला तर एका शॉटमध्ये नायक डावीकडे धावतो, पुढच्यात उजवीकडे. खलनायक जिन्यावर होता, तो अचानक दारात दिसतो. फाइट मास्टरने जीव तोडून काम केलेलं असतं, फायटरच्या पाठीवर वळ उठलेले असतात, आणि संकलनाच्या टेबलावर काहीच जुळत नाही. अशा वेळी संकलक शॉट आखूड करत जातो, मध्ये फुटणाऱ्या काचा टाकतो, आवाज चढवतो. प्रेक्षकाला वाटतं, काय वेग आहे! तिथे वेग नसतो, दिग्दर्शकाने न केलेलं काम झाकलेलं असतं.

आता बिगेलोचा 'पॉइंट ब्रेक' (१९९१) काढ आणि त्यातला पाठलाग बघ. बँक लुटणारा माणूस रोनाल्ड रेगनचा मुखवटा घालून पळतोय आणि एफबीआयचा माणूस झालेला कियानू रीव्हज त्याच्या मागे. गल्ली, परसदार, कुंपण, कुणाच्या तरी घराचं स्वयंपाकघर, पुन्हा परसदार. कॅमेरामन हलका कॅमेरा हातात घेऊन त्यांच्या मागोमाग पळतोय, म्हणून चित्र सतत हलतं. पण दोघांमधलं अंतर किती, हे एकदाही आपल्या हातून सुटत नाही. दार आपटलं की अंतर वाढलं, कुंपणावर अडखळला की कमी झालं, हे आपल्याला छातीत जाणवतं. शेवटी रीव्हज पावसाच्या पाण्याच्या सिमेंटच्या कालव्यात उडी मारतो, त्याचा जुना दुखावलेला गुडघा जातो. समोरचा माणूस जाळीवर चढलाय, वळून पाहतोय. रीव्हजच्या हातात पिस्तूल आहे, नेमही बसलाय. आणि तो आकाशात गोळ्या झाडतो. त्या दोन पुरुषांचं एकमेकांशी काय नातं झालंय, हे कुठल्याही संवादाशिवाय कळतं. इतका वेळ आपण पळण्याचा प्रत्येक मीटर मोजलेला असतो म्हणूनच ते कळतं.

त्याच्याही आधीचा 'निअर डार्क' (१९८७) बघ. उन्हाने भाजून मरणारी रक्तपिपासू टोळी एका मोटेलच्या खोलीत दडलीय आणि बाहेरून पोलीस गोळीबार करतायत. गोळ्यांनी त्यांना काही होत नाही. पण प्रत्येक गोळी भिंतीला भोक पाडते आणि त्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत येते. हळूहळू खोली तिरिपींनी भरते आणि उभं राहायला जागा उरत नाही. शेकडो गोळीबार मी पाहिलेत, काही जोडलेतही. गोळीपेक्षा गोळीने पडलेलं भोक भयंकर, हे एवढ्या साधेपणाने सांगणारा दुसरा मला आठवत नाही.

आणि 'द हर्ट लॉकर'. वाळवंटात दूर एक घर, त्यात शत्रूचा नेमबाज. इकडे बॉम्ब निकामी करणारं पथक वाळूत आडवं पडलंय. बंदूक अडकते, कारण काडतुसांना मेलेल्या साथीदाराचं रक्त लागलंय. एक पोरसवदा शिपाई थुंकी लावून एकेक काडतूस पुसतो, त्याचे हात थरथरतायत. पथकातल्या नेमबाजाच्या डोळ्याजवळ माशी बसते, तो हलत नाही. मग शेजारचा, ज्याच्याशी त्याचं मुळीच पटत नाही, तो ज्यूसच्या पाकिटाची नळी त्याच्या तोंडाला लावतो. या सीनचा बहुतेक वेळ नुसतं थांबण्यात जातो. असं थांबायचं धाडस दिग्दर्शकाला लागतं, कारण निर्माता मागून सारखा म्हणत असतो, "जरा फास्ट करा."

हे डोकं तिच्याकडे कुठून आलं, तेही सांगते. ती मूळची चित्रकार. जन्म १९५१चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोसचा. वडील रंगाच्या कारखान्यात व्यवस्थापक, आई ग्रंथपाल. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकली, तिथून न्यूयॉर्कला व्हिटनी संग्रहालयाच्या अभ्यासक्रमाला गेली आणि मग कोलंबिया विद्यापीठात चित्रपट शिकली. 'द सेट-अप' (१९७८) हा तिचा पहिला लघुपट. एका गल्लीत दोन पुरुष एकमेकांना बडवतायत आणि त्या दृश्यावर दोन विचारवंत हिंसेबद्दल बोलतायत. हिंसा पाहायला आपल्याला का आवडतं, हा प्रश्न तिने तेव्हाच विचारला होता, आणि पुढचं सगळं काम त्याच प्रश्नाभोवती आहे. चित्रकाराला कागदावर वस्तू कुठे ठेवायची हे आधी ठरवावं लागतं. माझं मत विचारशील तर तिच्या मारामारीचा पाया तिथे आहे.

बिगेलो ही जेम्स कॅमेरॉनची बायको होती ना? मग तिला मोठे चित्रपट मिळाले यात नवल काय? आपल्याकडेही असंच चालतं.
— एक वाचक, डोंबिवली

हा प्रश्न चौघांनी विचारला. चौघेही पुरुष आहेत, हे नोंदवून ठेवते.

त्यांचं लग्न १९८९ ते १९९१, म्हणजे दोन वर्षांचं. तिचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'द लव्हलेस' आला १९८१ला, मॉन्टी मॉन्टगोमेरीबरोबर संयुक्त दिग्दर्शनात. विलेम डफोची पहिली मुख्य भूमिका त्यात आहे. 'निअर डार्क' १९८७चा. म्हणजे लग्नाआधी तिची ओळख तिच्या कामानेच झालेली होती. 'पॉइंट ब्रेक'चा कॅमेरॉन कार्यकारी निर्माता होता आणि 'स्ट्रेंज डेज'ची कथा त्याची, पटकथेतही त्याचा हात आहे, हे खरंच आहे. त्याच्या नावाचं वजन तिला उपयोगी पडलं असणार, ते मी नाकारत नाही. पण मोठा निर्माता पाठीशी असणं ही या धंद्यात प्रत्येक दिग्दर्शकाचीच गरज असते. पुरुष दिग्दर्शकाला असा पाठीराखा मिळाला की आपण म्हणतो, त्याने याच्यातली गुणवत्ता ओळखली. बाईच्या वेळी तेच वाक्य आपल्या तोंडात का येत नाही?

शिवाय ७ मार्च २०१०ची रात्र आठवा. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी दोघंही समोरासमोर, तो 'अवतार' घेऊन आणि ती 'द हर्ट लॉकर' घेऊन. पाकीट बार्बरा स्ट्रायसँडच्या हातात होतं. दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी बिगेलो पहिली बाई ठरली. तिच्याआधी ब्याऐंशी वर्षांच्या इतिहासात नुसतं नामांकन मिळालेल्या बायका तीन: लीना वर्टम्युलर, जेन कॅम्पियन, सोफिया कोपोला. 'हर्ट लॉकर'ला त्या रात्री सहा ऑस्कर मिळाले आणि 'अवतार'ला तीन.

मी निवृत्त बँक अधिकारी आहे, म्हणून आकडे पाहिले. त्यांच्या 'के-१९'चं बजेट १० कोटी डॉलर आणि पुढच्या 'हर्ट लॉकर'चं दीड कोटी. इतकी घसरण का? ऑस्कर मिळालेल्या चित्रपटामागेही मोठा स्टुडिओ का नव्हता?
— एक वाचक, रत्नागिरी

काका, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मला या अंकात सगळ्यात जास्त याच्यावर बोलायचंय.

आधी हिशेब मांडते. 'पॉइंट ब्रेक'ला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले आणि तो जगभरात आठ कोटींच्या वर गेला. त्या जोरावर १९९५ला 'स्ट्रेंज डेज' मिळाला, बजेट ४ कोटी २० लाख. दुसऱ्याचा अनुभव थेट डोक्यात घेता येणारं यंत्र, त्याचा काळाबाजार आणि १९९९च्या शेवटच्या रात्री पेटलेलं लॉस एंजेलिस. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे शॉट हवे होते म्हणून खास हलका ३५ मिमी कॅमेरा बनवून घेतला गेला. पोलिसांनी मारलेल्या काळ्या माणसाचा प्रश्न त्यात मध्यभागी आहे आणि अँजेला बॅसेटसारखी नटी खरी नायिका आहे. आज तो फार मोलाचा मानला जातो. तेव्हा अमेरिकेत त्याने ८० लाखांच्या आसपास मिळवले. सपशेल पडला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेनी हार्लिनचा 'कटथ्रोट आयलंड' आला. जवळजवळ १० कोटी खर्च आणि अमेरिकेत मिळकत एक कोटी. चित्रपटधंद्यातल्या सर्वांत मोठ्या बुडीत खात्यांमध्ये त्याचं नाव घेतात. हार्लिनचे पुढचे मोठे स्टुडिओपट १९९६ आणि १९९९मध्ये आले. बिगेलोचा पुढचा चित्रपट 'द वेट ऑफ वॉटर' २०००ला, आणि तोही लहानसा. हार्लिनशी माझं भांडण नाही, त्याला पुन्हा संधी मिळाली हे बरंच झालं. चित्रपट पडतात. पडलेल्या माणसाला पुन्हा कर्ज द्यायचं की नाही, हा निर्णय तुमच्या बँकेत तुम्ही कशावरून घ्यायचात? मागची खाती पाहून ना? इथे बाईचं खातं पाहताना सगळ्या बायकांची खाती एकत्र काढली जातात.

मिमी लेडरचं बघा. 'ईआर' मालिकेच्या दिग्दर्शनामुळे स्पीलबर्गच्या नव्या स्टुडिओने पहिलाच चित्रपट, 'द पीसमेकर' (१९९७), तिच्याकडे दिला. पुढच्या वर्षी 'डीप इम्पॅक्ट', धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा. जगभरात ३५ कोटी डॉलरच्या घरात कमाई. म्हणजे बाईला मोठा अ‍ॅक्शनपट पेलतो की नाही, याचा निकाल १९९८लाच लागला होता. मग २०००चा 'पे इट फॉरवर्ड' चालला नाही, आणि त्यानंतर तिचं बहुतेक काम टीव्हीवर झालं. एका पडलेल्या चित्रपटाने ३५ कोटी पुसून टाकले.

पॅटी जेन्किन्सचा 'मॉन्स्टर' २००३चा, चार्लिझ थेरॉनला त्याने ऑस्कर मिळवून दिलं. तिचा पुढचा चित्रपट 'वंडर वुमन', २०१७. मध्ये चौदा वर्षं, आणि ती तर पडलेलीही नव्हती. 'वंडर वुमन'ला सुमारे १५ कोटी लागले, आले ८२ कोटींच्या वर.

आता 'के-१९: द विडोमेकर' (२००२). सोव्हिएत अणुपाणबुडीवर जुलै १९६१मध्ये अणुभट्टी थंड ठेवणारी यंत्रणा बिघडली, खलाशी आत जाऊन दुरुस्ती करून आले आणि किरणोत्साराने गेले, ती खरी घटना. हॅरिसन फोर्ड, लिआम नीसन. त्या काळात १० कोटी डॉलर एखाद्या बाईच्या हाती देणं फार मोठं होतं. जगभरात साडेसहा कोटींच्या आसपास आले. पुढची सहा वर्षं तिचा चित्रपट नाही.

आणि मग तिने जे केलं, त्यासाठी मी तिला मानते. स्टुडिओच्या दाराशी बसून न राहता तिने मार्क बोल या पत्रकाराची पटकथा घेतली. तो इराकमध्ये बॉम्बपथकाबरोबर राहून आला होता. स्टुडिओबाहेरून दीड कोटी उभे केले. जॉर्डनमध्ये, इराकच्या शेजारी, उन्हाळ्यात शूट केलं. नावाजलेले नट काही मिनिटांत मरतात आणि तेव्हा फारसे माहीत नसलेले तिघं सगळा चित्रपट ओढतात. स्टुडिओने हे होऊ दिलं नसतं. बॅरी अ‍ॅक्रॉइड या छायालेखकाने सुपर १६ मिमीचे तीन-चार कॅमेरे एकाच वेळी वेगवेगळ्या जागी लावले. सगळं मिळून जवळजवळ २०० तासांचं फुटेज झालं. २०० तास! बॉब मुरॉव्स्की आणि ख्रिस इनिस या संकलक जोडप्याने त्यातून सव्वादोन तास काढले आणि ऑस्कर घेतलं. माझ्या पेशातल्या माणसांना मी इथे मनापासून नमस्कार करते.

तेव्हा तुमच्या प्रश्नातल्या "घसरण" या मताशी मी सहमत नाही, काका. पैसा कमी झाला, ताबा वाढला. 'हर्ट लॉकर'ने अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख मिळवले, ऑस्कर मिळालेल्या चित्रपटांमध्ये ही फारच कमी कमाई. पुढच्या 'झीरो डार्क थर्टी'ला (२०१२), बिन लादेनच्या शोधावरच्या चित्रपटाला, ४ कोटी मिळाले आणि त्याने १३ कोटींच्या वर आणले. तो पैसा मेगन एलिसन या निर्मातीच्या कंपनीचा होता. कंपनीचं नाव अन्नपूर्णा, हिमालयातल्या त्या डोंगररांगेवरून ठेवलेलं.

'झीरो डार्क थर्टी'चं शूटिंग भारतात झालं होतं हे खरं का? आणि त्यात छळाचं समर्थन आहे असं म्हणतात, त्यावर तुमचं मत काय?
— दोन वाचक, पुणे

शूटिंग झालं होतं. २०१२च्या मार्चमध्ये चंडीगड आणि तिथल्या मणिमाजरा भागातल्या रस्त्यांना पाकिस्तान बनवलं गेलं, दुकानांवर उर्दू पाट्या लागल्या. भारतात पाकिस्तान का उभारता म्हणून काही संघटनांनी सेटवर येऊन निदर्शनं केली. बिन लादेनचं अबोटाबादचं घर मात्र जॉर्डनमध्ये पूर्ण आकाराचं बांधलं होतं. शेवटच्या हल्ल्याच्या वेळी प्रत्येक दार, प्रत्येक जिना आपल्या लक्षात राहतो, त्याचं हे एक कारण आहे. घर खरं होतं, म्हणून माणसं त्यातून खरी चालत गेली. छायालेखक ग्रेग फ्रेझर. इतक्या अंधारात इतकं स्पष्ट काम क्वचितच पाहायला मिळतं.

छळाबद्दल. कैद्याला छळल्यामुळे बिन लादेनचा माग लागला, असा समज चित्रपटातून होतो, म्हणून डायअ‍ॅन फाइनस्टाइन, कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅककेन या तीन सिनेटरांनी डिसेंबर २०१२मध्ये सोनी कंपनीला पत्र लिहून तीव्र आक्षेप घेतला. दाखवणं म्हणजे समर्थन करणं नव्हे, अशी बाजू बिगेलोने मांडली. पुढे २०१४मध्ये सिनेटच्या समितीचा अहवाल आला, त्यात छळातून उपयुक्त माहिती मिळाली हा दावा खोडून काढलेला आहे.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. दाखवणं म्हणजे समर्थन नव्हे, हे तत्त्व मला मान्य आहे. पण संकलनात एक सीन दुसऱ्यानंतर ठेवला की प्रेक्षक त्यांच्यात कारण आणि परिणाम जोडतो. ते थांबवता येत नाही. छळाचा सीन आधी आणि कैद्याने जेवताना दिलेलं नाव नंतर, अशी मांडणी केल्यावर दिग्दर्शकाला त्या जोडणीची जबाबदारी घ्यावीच लागते. या ठिकाणी मी सिनेटरांच्या बाजूने आहे. त्यामुळे चित्रपटाची ताकद कमी होत नाही. उलट इतका ताकदीचा आहे म्हणूनच ते जास्त खुपतं. २०१७चा 'डेट्रॉइट', १९६७च्या दंगलीत एका मोटेलमध्ये पोलिसांनी केलेल्या हत्यांवरचा, त्यावरही असाच वाद झाला: काळ्या माणसांच्या यातना इतका वेळ, इतक्या जवळून कुणी आणि का दाखवाव्यात? तो प्रश्नही मला रास्त वाटतो.

आमच्या कोल्हापूरने चित्रपट घडवले. पण भारतात, निदान मराठीत, एखाद्या बाईने असे मोठे साहसपट केले आहेत का?
— एक वाचक, कोल्हापूर

कोल्हापूरला मारामारीचं नवल काय सांगायचं! बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तला (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य कापावं लागलं.

बाईचं विचाराल तर सुरुवात आपल्याकडे फार लवकर झाली. फातमा बेगम यांनी मुंबईत १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. अद्भुतपट, युक्तीच्या छायाचित्रणाने भरलेला आणि त्या काळाच्या मानाने खर्चिक. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही, हे मला फार लागतं. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी. मग १९३५ला 'हंटरवाली' आला. नाडिया चाबूक घेऊन स्वतः उड्या मारत होती, पण दिग्दर्शक होमी वाडिया. 'शोले'त हेमामालिनीच्या जागी टांग्यावरची जोखीम घेतली रेश्मा पठाण यांनी. म्हणजे पडद्यावर आणि पडद्यामागे हाडं मोडून घ्यायला बायका चालल्या. "कट" म्हणायचा अधिकार मिळायला वेळ लागला. फराह खानचा 'मैं हूँ ना' (२००४) हा निखळ मोठा व्यावसायिक चित्रपट आहे, त्यात अ‍ॅक्शन भरपूर आहे, आणि नृत्यदिग्दर्शनातून आल्यामुळे तिला शरीरं हलवायची कशी हे पक्कं ठाऊक आहे. अलीकडे यशचा 'टॉक्सिक' हा मोठा अ‍ॅक्शनपट गीतू मोहनदासकडे दिला गेला.

मराठीत गेल्या काही वर्षांत शिवकालीन लढायांवर एकामागून एक चित्रपट आले. पैसा आला, घोडे आले, व्हीएफएक्स आलं. दिग्दर्शकाच्या खुर्चीवर पुरुषच. सुमित्रा भावे, सई परांजपे यांच्यासारख्या दिग्दर्शिका झालेल्या मराठीत एखाद्या मुलीला पावनखिंड किंवा सिंहगडाचा कडा द्यावा असं निर्मात्यांना का वाटू नये? कडा कुठे, दोर कुठे, खाली किती माणसं, वर किती: या लढाया तर मुळातच जागेच्या लढाया आहेत.

सुरुवात कशी करू? फिल्म इन्स्टिट्यूटला जाणं आवश्यक आहे का? मुलींना फाइटच्या युनिटमध्ये घेतात का?
— नाशिक, अमरावती, सोलापूर, पणजी येथून आलेली पत्रं

पुण्याच्या संस्थेची प्रवेशपरीक्षा जरूर द्या, तिथे दिग्दर्शनाइतकंच संकलनही डोळे उघडणारं आहे. नाही मिळाला प्रवेश तर थांबू नका.

आधी हे करा. तुमचा वाडा, चाळ, सोसायटीचा जिना, जे असेल त्याचा कागदावर नकाशा काढा. एकाने पळायचं, दुसऱ्याने मागे लागायचं. मोबाइलवर तो पाठलाग पहिल्यांदा एकही कट न घेता शूट करा. मग तोच बारा शॉटमध्ये. जागा कधीही न पाहिलेल्या माणसाला ते दाखवा आणि त्याला जिना कुठे, दार कुठे, ते काढायला सांगा. त्याचा कागद तुमच्या नकाशाशी जुळेपर्यंत पुन्हा शूट करा. आवाज बंद करून दाखवा, म्हणजे संगीताची मदत मिळणार नाही.

युनिटचं म्हणाल तर घेतात, पण आधी कपडेपट, कंटिन्युइटी अशा कामांकडे ढकलतात. कंटिन्युइटी मिळाली तर घ्या. फाइटमध्ये कुठल्या हातात रक्त, कुठल्या बाहीला फाट, कोण कुठल्या दाराने गेला, हे सगळं लिहिणारी मुलगी दिग्दर्शकाइतकाच सीन ओळखते. फाइट मास्टरजवळ उभ्या राहा. वायर कशी बांधतात, हार्नेस कुठे काचतो, गाद्या कुठे घालतात, ते विचारा. ही माणसं विचारणाऱ्याला आनंदाने शिकवतात. आणि ज्या दिवशी तुम्ही दिग्दर्शक व्हाल त्या दिवशी फायटर "एक टेक अजून करतो" म्हणाला तरी त्याच्या पायाकडे बघून "नाही" म्हणायचं. एका मोठ्या चित्रपटाच्या सेटवर मी ते "नाही" वेळेवर न म्हटलं गेल्याचं फुटेज पाहिलंय. ते मी चित्रपटात लावलं नाही, आणि त्यावरून माझं निर्मात्याशी वाजलं.

मला हे सिनेमे आठवीतल्या नातीबरोबर बघायचे आहेत. कुठला लावू?
— एक आजी, ठाणे

आजी, 'हर्ट लॉकर', 'पॉइंट ब्रेक', 'झीरो डार्क थर्टी' हे तिन्ही प्रौढांसाठीचे आहेत, थोडं थांबा. 'के-१९' लावा. अमेरिकेत त्याला तेरा वर्षांवरच्या मुलांना चालेल असा दाखला आहे. मारामारी जवळजवळ नाही, सगळी कोंडी पाणबुडीच्या अरुंद बोळांत आहे. अणुभट्टीच्या खोलीतून बाहेर आलेल्या खलाशांचे भाजलेले चेहरे दिसतात, तेव्हा नातीला आधी सांगून ठेवा. शाळेत तिला विज्ञानात किरणोत्सार शिकवला असेल किंवा शिकवतील. ते खलाशी एका वेळी दहाच मिनिटं आत का जातात, हे ती तुम्हाला समजावून सांगेल.